पूरक आहाराची डबी घेण्याआधी : कायदा तिला काय म्हणतो?

साजगावातल्या एखाद्या घराच्या फडताळात तीन गोष्टी शेजारी शेजारी सापडणं अगदी साधं आहे. आशाताईंनी गरोदर सुनेला दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या, खोपोलीच्या मेडिकलमधून आणलेली लोह-जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलची डबी आणि च्यवनप्राशची बरणी. घरातल्यांच्या लेखी तिन्हींचं काम एकच, ताकद यावी. कायद्याच्या लेखी मात्र ही तीन निरनिराळी प्रकरणं आहेत. लाल गोळी हे औषध, कॅप्सूल हे अन्न आणि च्यवनप्राश बहुतेक वेळा आयुर्वेदिक औषध. हा फरक केवळ कागदोपत्री नाही. वस्तू कोणत्या व्याख्येत बसते यावर तिच्यात काय घालता येईल, किती घालता येईल, तिच्याबद्दल काय बोलता येईल आणि चुकलं तर कोणाला जाब विचारायचा, हे सगळं ठरतं. कर्जत-खालापूरच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. माती तीच असते, पण नोंद शेतीची की बिनशेतीची, यावर तिच्यावर काय उभं राहणार ते ठरतं. पूरक आहाराचंही तसंच आहे. म्हणून डबी हातात घेतल्यावर ‘हे चांगलं का?’ असं विचारण्याआधी ‘कायद्यात हे कोण?’ असं विचारावं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डबीवर छापलेलं असतं. पहिल्याचं उत्तर छापलेलं नसतं, आणि कायदा ते देतही नाही.

आधी या नोंदींची ओळख करून घेऊ. औषधांसाठी 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. आयुर्वेदिक औषधाची व्याख्याही त्याच कायद्यात आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव असलेल्या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनवलेलं ते शास्त्रोक्त औषध. कंपनीने स्वतःचा पाठ रचला असेल तरी घटक त्या ग्रंथांतल्या पाठांमधलेच असावे लागतात. अन्नासाठी 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. त्याने अन्नाची व्याख्या करताना औषधं आणि मादक पदार्थ स्पष्टपणे वगळले. मग कलम 22 मध्ये आरोग्यपूरक आणि न्यूट्रास्युटिकल या वस्तूंना स्वतंत्र जागा दिली. त्यांत वनस्पती किंवा त्यांचे अर्क, खनिजं, जीवनसत्त्वं, प्रथिनं, अमिनो आम्लं, विकरं आणि प्राणिजन्य पदार्थ असू शकतात. रूप गोळी, कॅप्सूल, पावडर किंवा द्रव असं कोणतंही चालतं. त्याच कलमात बंधनंही आहेत. ही वस्तू औषध असता कामा नये, आयुर्वेदिक औषध असता कामा नये, कोणताही विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा तिने करू नये, आणि औषध नियमांच्या ‘ई’ व ‘ई-1’ अनुसूचींतले विषारी पदार्थ तिच्यात नसावेत. पुढे 2016 च्या अखेरीस अन्न प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, याचे सविस्तर विनियम काढले. 2018 च्या जानेवारीपासून ते लागू झाले आणि 2022 मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, वनस्पती, प्रोबायोटिक जिवाणू अशा परवानगीच्या याद्या त्यांत आहेत. थोडक्यात, इथे ‘बंदी नाही म्हणजे चालेल’ हा हिशेब चालत नाही. यादीत आहे म्हणून चालतं, आणि यादीत नसेल तर आधी वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

या व्याख्येचा पहिला परिणाम मात्रेवर होतो. कलम 22 ने जीवनसत्त्वं आणि खनिजं भारतीयांसाठी शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणाच्या आत ठेवली आहेत. हे प्रमाण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, ठरवते. 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं. आता आशाताईंच्या लाल गोळीकडे पाहा. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. तीच गोळी ‘अन्न’ म्हणून विकायला ठेवली तर व्याख्येत बसणार नाही. औषध म्हणून मात्र ती योग्य आहे, कारण गरोदरपणातला रक्तक्षय टाळणं आणि भरून काढणं हे तिचं काम आहे आणि ती आरोग्यसेवेच्या देखरेखीखाली दिली जाते. ड जीवनसत्त्वात ही दरी आणखी मोठी आहे. दैनंदिन शिफारस 600 युनिटची, तर डॉक्टर आठवड्याला एक म्हणून लिहून देतात ती पुडी 60,000 युनिटची. यातून वाचकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डॉक्टरांनी उपचार म्हणून लिहून दिलेल्या गोळीच्या जागी ‘त्यातही लोहच आहे’ म्हणून पूरकाची कॅप्सूल घेऊ नये. कमतरता भरून काढण्याइतकं बळ तिच्यात व्याख्येनेच नाही. आणि दोन्ही एकदम, डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. पूरकाची मर्यादा त्या एका वस्तूपुरती असते, तुमच्या पोटात दिवसभरात मिळून किती गेलं याचा हिशेब कायदा ठेवत नाही.

दुसरा परिणाम अधिक बारीक आहे, तो वनस्पतीच्या कोणत्या भागावर कायदा बोट ठेवतो याचा. दिवाळीत अनारशाला लावायची खसखस घ्या. ती अफूच्याच बोंडातलं बी. मादक पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने अफूच्या झाडाचे कापणीनंतरचे बाकी सगळे भाग आपल्या कक्षेत घेतले आणि बी वगळलं, म्हणून खसखस किराणा दुकानात मिळते. भांगेच्या झाडाचंही असंच झालं. त्या कायद्यातली गांजाची व्याख्या फुलाफळांच्या शेंड्यांची आहे. शेंड्यांपासून वेगळं केलेलं बी आणि पानं तिच्यात येत नाहीत. बी असं वगळल्याचा आधार घेऊन एफएसएसएआयने 2021 च्या नोव्हेंबरात बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ अन्न म्हणून मान्य केलं, मादक घटकाची कमाल मर्यादा घालून. पानांपासून केलेल्या वस्तू मात्र अन्न म्हणून विकता येत नाहीत. त्या आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली येतात. एकाच झाडाचं बी अन्नाच्या रांगेत, पान औषधाच्या आणि शेंडा गुन्ह्याच्या. अश्वगंधेतही हाच प्रश्न आला. परंपरेत वापर मुळाचा, पण पानं स्वस्त असल्याने अर्कात पानं मिसळण्याची चाल पडली. तेव्हा आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना केली. बिब्बा तर थेट विषारी पदार्थांच्या ‘ई-1’ अनुसूचीत आहे. त्याच्या तेलाने अंगावर उततं हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक असतं, आणि वैद्य तो शुद्ध करूनच वापरतात. कलम 22 च्या त्या एका ओळीमुळे तो कोणत्याही आरोग्यपूरकात घालता येत नाही, आयुर्वेदिक औषधात मात्र ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या इशाऱ्यासह येऊ शकतो. म्हणून लेबलवर नुसतं वनस्पतीचं नाव वाचून थांबू नका. मूळ, पान, खोड की बी, आणि चूर्ण की अर्क, हेही वाचा. भाग लिहिलेलाच नसेल तर ती डबी परत ठेवायला तेवढं कारण पुरे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गुळवेल, आवळा, हिरडा वापरला तेव्हा कोणती यादी होती? नैसर्गिक वस्तूला कायद्याचा जाच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. आजी गुळवेलीचा काढा करायची तेव्हा वेल कुंपणावरचा होता आणि ओळखणारी माणसं घरात होती. आज तोच वेल रानातून गोळा होतो, व्यापाऱ्याकडे जातो, कारखान्यात चूर्ण होतो आणि शेवटी गोळी होऊन येतो. इतक्या हातांतून गेल्यावर गोळीकडे पाहून वेल ओळखता येत नाही. कोरोनाच्या काळात गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली. त्यानंतर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली नाही ना, हे तपासलंच नव्हतं, असं म्हटलं. त्या वादात कोण बरोबर होतं हा भाग बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली, की कोणता वेल, हा प्रश्न सुटल्याशिवाय सुरक्षिततेबद्दल काही बोलताच येत नाही. शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि मात्रा लिहायला लावणारा नियम नेमका तोच प्रश्न सोडवतो. यात परंपरेचा अविश्वास नाही. परंपरेत ओळखीच्या माणसाचे डोळे जे काम करायचे, ते आता कागदावर मागितलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या रेषा मनमानी आहेत, देशागणिक बदलतात, मग त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा? झोपेसाठी घेतात ते मेलाटोनिन अमेरिकेत किराणा दुकानात पूरक म्हणून मिळतं आणि ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. रेणू तोच, माणसंही तशीच, वेगळी आहे ती फक्त व्याख्या. अमेरिकेच्या 1994 च्या कायद्यात तर एक मजेशीर कलम आहे. जो पदार्थ आधी औषध म्हणून मंजूर झाला, तो नंतर पूरक म्हणून विकता येत नाही. लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळात कोलेस्टेरॉल कमी करणारं लोवास्टॅटिन नैसर्गिकरीत्या तयार होतं. तेच लोवास्टॅटिन 1987 मध्ये औषध म्हणून मंजूर झालं होतं. एका कंपनीने तो तांदूळ कॅप्सूलमध्ये भरून विकायला घेतला, तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाने 1998 मध्ये हे औषधच आहे असं ठरवलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2000 मध्ये अपील न्यायालयाने प्रशासनाची बाजू उचलून धरली. चीनमध्ये शतकानुशतकं खाल्लेला पदार्थ, पण मंजुरीची तारीख आड आली. हे मनमानी वाटेल, आणि काही अंशी आहेही. पण रेष मनमानी आहे म्हणजे निरर्थक आहे असं नाही. लोवास्टॅटिन असलेला तांदूळ स्नायू आणि यकृताला तसाच त्रास देऊ शकतो जसा औषध देतं. फरक एवढाच की औषधाबरोबर तपासण्या आणि डॉक्टर येतात, तांदळाबरोबर येत नाहीत. व्याख्या बदलली की देखरेख बदलते, हे लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईकडचे किंवा आपल्या तालुक्यातले नातलग परदेशातून येताना गमीज आणि कॅप्सूल आणतात. तिथे त्या खुल्या मिळतात याचा अर्थ त्या निरुपद्रवी आहेत असा होत नाही. तिथल्या कायद्याने त्यांना एका खणात ठेवलंय, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तिसरा आक्षेप असा, की शेवटी हे सगळं कंपन्या आणि सरकार यांच्यातलं भांडण आहे, ग्राहकाचा काय संबंध? या भांडणाचा एक मोठा अंक मुंबईतच झाला. 2013 च्या मे महिन्यात एफएसएसएआयने एक सल्लापत्र काढून अनेक उत्पादनांना बाजारात आणण्याआधी मंजुरी सक्तीची केली. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स ही कंपनी आणि औषध उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या सल्लापत्राला कायद्याचं बळ नसतं. विनियम करायचे तर कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच, आधी मसुदा जाहीर करून आणि संसदेपुढे ठेवून करावेत. ऑगस्ट 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम ठेवला आणि प्राधिकरणाने मंजुरीची ती पद्धत थांबवली. वरवर हा उद्योगाचा विजय होता. पण त्याचा खरा परिणाम पुढे दिसला. बंद दाराआड एकेका उत्पादनाला होकार-नकार देण्याऐवजी सर्वांना वाचता येतील अशा याद्या विनियमांत आल्या. आज साजगावातला कोणीही अमुक वनस्पती, अमुक भाग चालतो की नाही हे पडताळू शकतो, ते त्यामुळे. ग्राहकाचा संबंध आहे तो इथे. शिवाय वस्तू कोणत्या खणात बसवायची यात कंपन्यांचा कराचा हिशेबही असतो. लाल दंतमंजन औषध की रोजच्या वापराची वस्तू, हा अबकारी कराचा वाद नागपूरच्या विभागातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ग्रंथातले घटक आहेत एवढ्यावर भागत नाही, लोक ती वस्तू काय म्हणून विकत घेतात हेही पाहावं लागतं, असं न्यायालयाने सांगितलं आणि ते औषध मानलं नाही. म्हणजे डबीवरचा शब्द हा अंतिम सत्य नसतो, तो कंपनीने केलेला दावा असतो आणि तो तपासता येतो.

व्याख्या नसली तर काय होतं याचंही ताजं उदाहरण आहे. बोर्नव्हिटासारखी पेयं वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून पोरांच्या दुधात पडत होती. 2024 च्या एप्रिलमध्ये अन्न प्राधिकरण आणि वाणिज्य मंत्रालय या दोघांनी ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं. कारण साधं होतं. अन्नाच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. प्रकार नाही, म्हणून त्यात साखर किती असावी, पोषण किती असावं याचा नियम नाही, आणि नियम नाही म्हणून तो शब्द पोकळ. डबीवरचा मोठ्या अक्षरातला शब्द कायद्यातला की जाहिरातीतला, हे ओळखायची सवय लावून घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. डबी उलटी करा. आरोग्यपूरक असेल तर नावाजवळ ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असे शब्द, 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही ओळ आणि रोज किती घ्यावं याची मर्यादा असायला हवी. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं, आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी असते. 2022 पासून ‘आयुर्वेद आहार’ असा आणखी एक प्रकार आला आहे. तो ग्रंथोक्त पाठांवरच्या अन्नाचा. त्यात वरून जीवनसत्त्वं घालता येत नाहीत आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठी तो विकता येत नाही. खण ओळखला की वस्तू त्या खणाचे नियम पाळते का ते पाहा. एफएसएसएआयचा क्रमांक असलेल्या डबीवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहिलं असेल, तर ती वस्तू स्वतःच स्वतःच्या विरोधात साक्ष देते. रोग बरा करते म्हणजे ती अन्न नाही, आणि अन्न नाही म्हणजे तो क्रमांक तिला लागू नाही. व्यायामशाळेतून मिळणाऱ्या ‘झटपट बॉडी’च्या पावडरीबाबत जास्त जपा. पूरकात संप्रेरकं आणि स्टिरॉइड घालायला विनियमांनी मनाई केली आहे, तेव्हा महिन्याभरात न पटण्याइतका फरक दिसत असेल तर तो प्रथिनांचा नसण्याचीच शक्यता अधिक. आणि यात्रेत किंवा बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारं, नाव-गाव नसलेलं ‘शक्तीचं चूर्ण’ कोणत्याच खणात बसत नाही. ते घेऊ नका, मग सांगणारा कितीही ओळखीचा असो.

हीच गोष्ट विकणाऱ्यांनाही लागू आहे. कर्जत-खालापूरच्या बचत गटांतल्या बायका नाचणी सत्त्व, मोरावळा, आवळा सरबत चांगलं करतात. हे सारं अन्न आहे आणि अन्नाची नोंदणी केली की ते ताठ मानेने विकता येतं. कार्तिकात साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो; काट्यासकट खाल्लेल्या सुकटीतून कॅल्शियम मिळतं हे खरं आहे आणि तसं म्हणायला कोणाची हरकत नाही. पण तीच सुकट दळून गोळीत भरली आणि ‘कॅल्शियम’ म्हणून विकली की ती कलम 22 च्या दारात येऊन उभी राहते. सत्त्वाच्या पाकिटावर ‘मधुमेह घालवते’ असं छापलं, तर घटक न बदलता वस्तू औषधाच्या दाव्यात शिरते आणि 1954 चा जादूटोण्याचे उपाय व औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही मागे लागू शकतो. म्हणून पाकिटावर काय छापायचं, हे आत काय घातलंय इतकंच विचारपूर्वक ठरवा.

एवढं करूनही एक मर्यादा राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. यादीत नाव असणं म्हणजे ठरलेल्या मात्रेत ते सहसा अपाय करत नाही एवढंच. ते तुम्हाला गुण देईल याची हमी कायदा देत नाही. लोहाची कमतरता आहे की नाही हे रक्ततपासणी सांगते, लेबल नाही. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस, यांनी पूरक सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना डबीच नेऊन दाखवावी, नुसतं नाव सांगू नये. संशय आला तर डबी टाकून न देता पावतीसकट ठेवावी. रायगड जिल्ह्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय पेणला आहे आणि राज्याची विनामूल्य मदतवाहिनी 1800222365 ही आहे. तिथे तक्रार करता येते. कायद्याने डबीवर बरंच काही छापायला भाग पाडलं आहे. ते वाचायचं काम आपलं आहे, आणि जी डबी स्वतःची ओळख सांगत नाही ती विकत घ्यायची नाही.